रांजणातली बाळंतीण

सेंबरंबूच्या माळावर सरकारी खोदकाम सुरू झालं, तेव्हा गावात सगळ्यात जास्त कोण भडकलं असेल तर सुडलैमुत्तू. त्याचं काही चुकत नव्हतं. पंधरा वर्षं तो त्याच माळावर मुरूम काढत होता. पहारेनं दरड पाडायची, घमेल्यांनी टिप्पर भरायचा, की संध्याकाळी घर. खोदकामाला मंजुरी आली आणि मुरमाची खाण बंद झाली. सुडलैमुत्तू ओट्यावर बसून राहिला, आणि चौथ्या दिवशी त्याची बायको मूक्कम्माळ आमच्या तंबूपुढे मजुरीच्या रांगेत येऊन उभी राहिली.

मी तिथे नकाशे काढायला होतो. आमचं घराणं तंजावरचं. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. पुरातत्त्व खात्याच्या नोकरीत ताम्रपर्णीच्या काठाला येऊन मला बावीस वर्षं झाली होती. इकडे आमच्या लोकांना रायर म्हणतात, त्यामुळे माळावर मी सगळ्यांचा ‘रायर सार’. त्या दिवशी कारकून आला नव्हता म्हणून हजेरीची वही माझ्याकडे होती.

“नाव?”

“मूक्कम्माळ.”

“म्हणजे नाक टोचलेली?”

“माझ्याआधीची तिघं गेली, सार. म्हणून जन्मल्या जन्मल्या नाक टोचलं. यमाला वाटावं, ही आधीच खराब झालीय, हिला कशाला न्यायचं. त्याला वाटलं बहुतेक. बेचाळीस वर्षं झाली, फिरकला नाही.”

“याआधी काय काम करायचीस?”

“विड्या वळायचे.”

“मग सोडलंस का?”

“खोकला,” ती म्हणाली, आणि अंगठा उठवायला हात पुढे केला. मग माझा चेहरा पाहून म्हणाली, “सही येते मला. पाचवीपर्यंत शिकलेय. पण अंगठाच घेतात ना सगळे, म्हणून आपला हात पुढं जातो.”

पहिले तीन आठवडे ती माती वाहत होती. पुरुष चरात उतरून खरवडायचे, बायका टोपल्या भरून चाळणीपाशी नेऊन ओतायच्या. मूक्कम्माळची टोपली मात्र वाटेतच चाळून व्हायची. चालता चालता तिची बोटं मातीत फिरत असायची, आणि चाळणीपाशी पोचेपर्यंत तिच्या ओच्यात दोन-चार खापरं, एखादा मणी जमलेला असायचा. मणी साबुदाण्याएवढे. चाळणीत सापडले असते म्हणा, पण निम्मे तिथेही निसटतात.

आमच्या खोदकामाच्या प्रमुख तेन्मोळी मॅडम. वय तेहतीस-चौतीस, कोइमतूरकडच्या, बोलणं मोजकं. त्यांनी दोन दिवस हे पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी मूक्कम्माळला हाक मारली.

“अक्का, टोपली ठेवा. उद्यापासून तुम्ही थापी धरायची.”

“मी? चरात? ती माणसं काय म्हणतील?”

“ती पहिल्यापासून म्हणतच आहेत. थापी घ्या.”

वर्षानुवर्षं तेंदूपानात तंबाखू भरून पान न फाटू देता वळणाऱ्या बोटांना कुठे थांबायचं ते बरोबर कळतं. मी नकाशे काढण्यात आयुष्य घालवलं, पण माती कुठे बदलते हे मला डोळ्यांनी पाहावं लागतं. तिच्या बोटांनाच ते कळायचं.

त्या माळाच्या पोटात रांजण होते. कमरेएवढे उंच, लाल, बुडाला गोल, तोंडावर झाकण. दोन-अडीच हजार वर्षांपूर्वी मेलेल्या माणसांची हाडं त्यात ठेवून पुरलेले. गावाला ते ठाऊक नव्हते असं नाही. सुडलैमुत्तूसारख्यांना तर नेहमीच लागायचे. गाव त्यांना म्हाताऱ्यांचे रांजण म्हणायचं. गोष्ट अशी होती की पूर्वी माणसं मरतच नसत. म्हातारी होत होत लहान लहान होत जात, मांजराच्या पिलाएवढी होऊन दिव्याच्या कोनाड्यात बसून राहत. मग घरच्यांना त्यांचं करणं होईना. तेव्हा रांजणात तीन घास भात आणि एक पेटती पणती ठेवून त्यांना आत बसवत आणि वरून झाकण लावून पुरून टाकत. जिवंतच.

ही गोष्ट मला पहिल्यांदा मूक्कम्माळच्या सासूनं सांगितली. पेच्चियम्माळ तिचं नाव. वय कुणालाच माहीत नव्हतं. दात गेलेले, कानाच्या पाळ्या खांद्यापर्यंत लोंबणाऱ्या. ती सुडलैमुत्तूची आई आणि मूक्कम्माळच्या वडिलांची सख्खी बहीण. म्हणजे मूक्कम्माळची ती आधी आत्या आणि मग सासू, आणि हाकही आत्या अशीच. मी त्यांच्याकडे ताडगुळाची कॉफी प्यायला जायचो तेव्हा म्हातारी ओट्यावर पाय पसरून बसलेली असायची.

“रायरा, माझ्या मापाचा एखादा सापडला का?” ती विचारायची.

“शोधतोय पाट्टी.” पाट्टी म्हणजे आजी.

“जरा ऐसपैस बघ. गुडघे दुखतात माझे.”

सुडलैमुत्तू आतून खेकसायचा, “तुझी सून बघतेय की! महिना झाला, एका रांजणाच्या कडेला बसून त्याला ब्रश मारतेय. मी एका दुपारी वीस-वीस फोडलेत.”

“म्हणून तर तुम्ही घरी बसलाय,” मूक्कम्माळ चुलीपाशी बसून म्हणायची. “रोज एकच फोडला असता तर जन्मभर पुरले असते.”

असं सगळं हसण्यावारी चाललेलं. मग कधीतरी म्हातारीचं हसणं थांबलं. नक्की कधी, ते घरातल्यांच्याही लक्षात आलं नाही. आधी तिनं शेजारणीला सांगितलं, सून रोज माझ्यासाठी रांजण घासायला जाते. शेजारीण हसली. मग एकदा मूक्कम्माळ कामावरून आली तर म्हातारीनं तिच्या पायांची लाल माती बघून स्वतःचे पाय पोटाशी घेतले. आणि मग तिनं भात टाकला. पेज दिली तर दोन घोट, भात पुढे आला की तोंड फिरवायची.

“का खात नाही आत्या? मासे केलेत. आवडतात ना?”

“तिसरा घास खाल्ला की संपलं,” म्हातारी म्हणाली. “मला ठाऊकाय. तीनच देतात.”

दुसऱ्या दिवशी मूक्कम्माळ कामावर आली ती डोळे सुजवून. मॅडमनी विचारलं तेव्हा तिनं सगळं सांगितलं आणि म्हणाली, “मॅडम, मी काम सोडते. म्हातारी उपाशी मरेल माझ्यापायी.”

मॅडम म्हणाल्या, “सोडायचं तर सोडा. पण तुमच्या हातातला रांजण पुरा करा. तो अर्ध्यावर दुसऱ्याच्या हातात द्यायची माझी छाती नाही.”

तो एक्केचाळीस नंबरचा रांजण. मुरमाच्या वजनानं झाकण आत कोसळलेलं, त्यामुळे आत माती घट्ट बसलेली. मूक्कम्माळ कडेला पालथी पडून, हात आत घालून चमच्याचमच्यानं माती काढत होती. मी शेजारी बसून एकेक थर कागदावर उतरवत होतो. दुपारच्या सुमारास ती एकदम म्हणाली, “सार, थांबा.”

“मी कुठं काय करतोय?”

“हलू नका. अंड्याचं कवच लागतंय.”

तिनं चमचा बाहेर ठेवला आणि नुसत्या बोटांनी चाचपलं. मॅडम धावत आल्या, आडव्या पडून बॅटरीचा उजेड आत टाकला. मोठ्या माणसाची हाडं दिसत होती, गुडघे मुडपून बसवलेली. आणि त्यांच्या पुढ्यात, वाकलेल्या हाताच्या आत, ते कवच. पातळ, वाटीसारखं, तीन-चार तुकड्यांचं.

“अंडं नाही,” मॅडम म्हणाल्या. “डोकं आहे. बाळाचं.”

हाडांचे जाणकार एक डॉक्टर त्या आठवड्यात माळावर येणारच होते. त्यांनी तिथेच दोन दिवस बसून तपासलं. मोठी हाडं बाईची. वय पंचवीसच्या आसपास, तिशी नक्की ओलांडलेली नाही. बाळ पोटातलं किंवा नुकतं जन्मलेलं. पायाशी एक लहानसं मडकं होतं, त्यात भाताचा कोंडा. मूक्कम्माळ चराच्या काठावर उभी राहून ऐकत होती.

“डॉक्टर, जिवंत घातली होती का?” तिनं विचारलं.

“नाही. हाडं पुष्कळशी मेल्यावर गोळा करून ठेवलेली असतात. हिला मात्र आख्खी बसवलीय, पण मेल्यानंतरच.”

“आणि बाकीच्या रांजणांत? म्हातारी माणसं?”

“आतापर्यंत आठ रांजणांतली हाडं पाहिली. त्यात साठीच्या पुढचं एकच. बाकी तरणी आणि पोरं.”

मूक्कम्माळनं घमेलं खाली ठेवलं आणि मॅडमकडे वळली. “मॅडम, आत्याला हे दाखवायचंय.”

चरात बाहेरच्या माणसाला सोडायचं नाही हा नियम. त्यातून अजून नमुने घ्यायचे बाकी होते. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी नकाशात डोकं घातलं.

“उद्या सकाळी,” त्या म्हणाल्या. “कडेवरून बघायचं. हात लावायचा नाही, आत काही टाकायचं नाही.”

सकाळी सुडलैमुत्तू आईला पाठुंगळी घेऊन माळ चढून आला. खाण बंद झाल्यापासून तो पहिल्यांदाच तिथे येत होता. म्हातारीनं डोळे गच्च मिटून घेतले होते आणि मुलाच्या मानेला नखं रुतवली होती. मूक्कम्माळ म्हणाली, “आत्या, रांजण भरलेला आहे. त्यात तुम्हाला जागा नाही. बघा तरी, कोण बसलंय.”

म्हातारीनं एक डोळा उघडला. आत पाहिलं. मग दुसराही उघडला. मुलाला म्हणाली, “खाली ठेव मला.” काठाशी पोत्यावर बसून ती कितीतरी वेळ वाकून बघत राहिली. तिची नजर अधू होती, पण बाळ तिला आमच्याआधी दिसलं असतं असं मला वाटतं.

“ही बाळंतीण आहे,” ती म्हणाली.

“हो, आत्या.”

“पोर धरलंय बघ कसं. अडली असेल.” मग सुडलैमुत्तूकडे वळून म्हणाली, “तुझ्याआधीची माझी पोर अशीच गेली. मी वाचले. हिला वाचवायला कोणी नव्हतं.” आणि मूक्कम्माळला म्हणाली, “दूध आण.”

इकडे मेलेल्या माणसाच्या नावानं दुसऱ्या दिवशी दूध घालतात. मूक्कम्माळनं मॅडमकडे पाहिलं.

“आत नाही घालता येणार, पाट्टी,” मॅडम म्हणाल्या. “आत दूध पडलं की आम्हाला पुढचं काहीच कळणार नाही. ती काय खायची, कुठली होती, सगळं पुसून जाईल.”

“तुला कशाला कळायला हवं ती काय खायची?”

“तिचं नाव तर कळणार नाही. निदान एवढं तरी.”

म्हातारीनं यावर विचार केला. “बरं. मग बाहेर घालते. दूध आपली वाट काढतं.”

मॅडमनी आपल्या चहाचं दूध दिलं. चरापासून वीस पावलांवर, उताराच्या खालच्या अंगाला, म्हातारीनं ते मुरमावर ओतलं. मी ती जागा नकाशावर खूण करून ठेवली, न जाणो कुणी पुढे तिथे खणलं तर. त्या दुपारी घरी तिनं भात खाल्ला. किती घास ते कुणी मोजलं नाही.

मूक्कम्माळनं काम सोडलं नाही. आठवड्यानं सुडलैमुत्तू एकटाच माझ्या तंबूत आला. टेबलावर माळाचा मोठा नकाशा पसरला होता. खाणीच्या जागी मी नुसती कड काढून आतला भाग कोरा सोडला होता.

“हे पांढरं का?” त्यानं विचारलं.

“तिथं काही उरलेलं नाही म्हणून.”

“आता नाही. पण होतं ना.” तो जमिनीवर बसला. “मी सांगतो. तुम्ही काढा.”

तीन दिवस आम्ही दोघं त्या खाणीच्या खळग्यातून हिंडलो. कुठल्या साली दरड कुठपर्यंत आली होती, ते त्याला ठाऊक होतं. पहार पोकळ वाजली की रांजण, आणि ती पोकळ वाजलेली जागा तो विसरला नव्हता. इथं तीन एका ओळीत. इथं एक मोठा, त्यात लोखंडी भाला होता. इथं दोन झाकणांचा. मी ठिपक्यांची वर्तुळं काढत गेलो. त्याला नेमक्या जागेसकट आठवली ती एकशे एकोणीस झाली. शेवटच्या दिवशी एका कोपऱ्यात तो थांबला.

“इथं लहान लहान होते. गुडघ्याएवढे. पाच-सहा.” मग जरा वेळानं म्हणाला, “सार, त्यांत पोरंच असतील का?”

“सांगता येत नाही,” मी म्हणालो, आणि ते खोटं होतं. लहान रांजणात बहुतेक पोरंच असतात. त्याच्याही ते लक्षात आलं असावं.

ती वर्तुळं अहवालात घ्यायची की नाही यावरून वरच्या कचेरीत बरीच चर्चा झाली म्हणे. डोळ्यांनी पाहिलेलं असलं तरी तोंडी आहे, पुरावा नाही. मॅडमनी हट्टानं शेवटी स्वतंत्र पान जोडलं, खाली सांगणाऱ्याचं नाव घातलं. मजुराचं नाव छापलेला तो माझ्या नोकरीतला पहिलाच नकाशा.

दुसऱ्या हंगामानंतर सरकारनं जाहीर केलं की माळावरच संग्रहालय बांधायचं, रांजण हलवायचे नाहीत, आहेत तिथे ठेवून वर काचेची जमीन घालायची. निधी मंजूर झाल्याचं पेपरात आलं, आणि ग्रामसभेत आग लागली.

“आमच्या बायका दीड मैलावरून पाणी आणतात,” एकजण उभा राहून ओरडला, “आणि हाडांना काचेचं घर!”

“हाडं मतं देत नाहीत, तरी त्यांना घर!” दुसरा म्हणाला.

तहसीलदार समजावू लागले, बाहेरून लोक येतील, रस्ता होईल, दुकानं चालतील, जगात गावाचं नाव होईल. कुणी ऐकेना. खरं सांगायचं तर मलाही वाटलं, हे लोक काय चुकीचं बोलतायत? खालच्या अंगाला बसलेली मूक्कम्माळ उभी राहिली. तिला अशा ठिकाणी बोलायची सवय नव्हती. तिनं आधी पदर नीट केला.

“सार, एक विचारू? त्या काचघराला पाणी लागंल का?”

“लागेल ना. बाग असणार, शौचालय असणार.”

“म्हणजे बोअर मारणार.”

“मारावीच लागेल.”

“मग त्याचा एक नळ कुंपणाच्या बाहेर काढा. गावाच्या बाजूला. आत्ता, आमच्यासमोर, तुमच्या कागदावर लिहा. नाहीतर उद्या टेप घेऊन याल तेव्हा आम्ही बायका माळावर बसलेल्या असू. मी पहिली बसेन, मला ती जागा चांगली माहितीय.”

सभा हसली. मघाचा ओरडणारा म्हणाला, “सुडलैची बायको सरकारची माणूस झालीय म्हणत होतो मी!”

“सरकारची माणूस झालेय म्हणून तर मागते,” ती म्हणाली. “तुम्ही घरी बसून मागता.”

तहसीलदारांनी लिहून घेतलं. नळ प्रत्यक्षात यायला इमारतीनंतरचे आठ महिने गेले, आणि त्यासाठी तिला चार वेळा कचेरीची पायरी चढावी लागली. दोन वेळा मी बरोबर होतो. पण आला. सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन तास पाणी असतं.

पेच्चियम्माळ ते बघायला नव्हती. आडी महिन्यात, म्हणजे आपल्या आषाढात, वारा सुटलेला असताना, एका सकाळी ती ओट्यावर बसल्या बसल्याच गेली. भात खाऊन झालेला होता. ताट शेजारी होतं.

मूक्कम्माळ आता संग्रहालयात मदतनीस आहे. कंत्राट दरवर्षी नवं होतं, आणि दरवर्षी मार्चमध्ये ती थोडी घाबरते. शाळांच्या सहली येतात तेव्हा माहिती सांगायला शिकलेली माणसं आहेत, पण एक्केचाळीस नंबरपाशी आल्यावर तीही हळूच बाजूला होतात आणि तिलाच बोलावतात. ती पाठ केलेलं सांगत नाही. कधी बाळाविषयी बोलते, कधी कोंड्याच्या मडक्याविषयी, कधी नुसती माती कशी काढली ते. सुडलैमुत्तू दक्षिण उतारावरच्या नव्या चरांवर कामाला आहे. त्याला अजून थापी दिलेली नाही, कुदळच आहे, आणि ती तो बरीच सांभाळून चालवतो.

गेल्या वर्षी एक नवीनच गोष्ट सुरू झाली. एक्केचाळीसच्या काचेवर काचेच्या बांगड्या दिसू लागल्या. एक, दोन, कधी पाच. हिरव्या, लाल. पहिलटकरणी पोरी येतात, कुणाचं लक्ष नाही असं बघून हातातली एक काढून ठेवतात आणि जातात. सुखरूप सुटका व्हावी म्हणून. हे कुणी कुणाला शिकवलं, कळायला मार्ग नाही. संग्रहालयाच्या व्यवस्थापकाला ते पसंत नव्हतं. त्यानं पाटी लावली. पाटीखाली बांगड्या सापडू लागल्या. तेव्हा तेन्मोळी मॅडम मुद्दाम आल्या, बांगड्या बघितल्या, आणि मूक्कम्माळला म्हणाल्या, “अक्का, हे देऊळ नाही. तुम्ही जरा सांगा ना त्यांना. तुमचं ऐकतील.”

मूक्कम्माळ फडक्यानं काच पुसत होती. तिनं बांगड्या उचलून कोपऱ्यातल्या डब्यात टाकल्या. डबा जवळजवळ भरला होता.

“मी कुठल्या तोंडानं सांगू मॅडम?” ती म्हणाली. “माझी पोरगी पोंगलच्या तै महिन्यात बाळंतपणाला आली होती ना. यातल्या दोन माझ्याच आहेत.”